लॉर्ड रिपन: एका गुणाच्या प्रश्नापलीकडे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर यांपैकी कोणत्याही गावच्या अभ्यासिकेत सकाळी सातच्या सुमारास डोकावले, तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पंचवीस-तीस मुले-मुली मान खाली घालून वाचत बसलेली दिसतात. त्यांच्यापैकी कोणालाही ‘भारतातील स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक कोण?’ असे विचारावे. ‘लॉर्ड रिपन, १८ मे १८८२’ हे उत्तर तोंडावर तयार असते. मध्यंतरी अशाच एका अभ्यासिकेत एका मुलीने मला उलट विचारले, ‘सर, पण त्यांनी हे का केलं? ते तर इंग्रज होते ना?’ प्रश्न अगदी रास्त होता, आणि मी उभ्या-उभ्या तिला जे दोन-चार शब्द सांगितले ते अपुरे होते. माध्यमिक शाळेत जवळजवळ तीस वर्षे इतिहास शिकवताना मीही रिपन यांना त्या एका ओळीतच आटोपत आलो, याची त्या दिवशी खंत वाटली. तिला द्यायचे राहिलेले उत्तर मी या पत्रातून देत आहे.

ते आपल्या दैनिकातून द्यावेसे वाटण्याला आजचे एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत राज्यातील अनेक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांची मुदत संपल्यावर निवडणुका लांबत गेल्या आणि त्यांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात आमच्याकडे बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य मी वारंवार ऐकले: ‘नगरसेवक नकोतच, प्रशासकच बरा, निदान कामं तरी होतात.’ हे बोलणारे लोक वाईट नव्हते. तुंबलेल्या गटारीला आणि आठवड्याने येणाऱ्या नळाच्या पाण्याला कंटाळलेले होते. परंतु नेमका हाच युक्तिवाद, अधिक सफाईदार इंग्रजीत, १८८२ साली भारताचे तेव्हाचे व्हाइसरॉय रिपन यांच्यापुढे त्यांच्याच अधिकाऱ्यांनी ठेवला होता, आणि रिपन यांनी त्याला दिलेले उत्तर आपल्या मुलांना कोठेही वाचायला मिळत नाही.

जॉर्ज फ्रेडरिक सॅम्युअल रॉबिन्सन, म्हणजेच पुढचे लॉर्ड रिपन, यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८२७ रोजी लंडनमधील १०, डाउनिंग स्ट्रीट या घरात, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासस्थानी झाला. त्यांचे वडील व्हायकाउंट गोडरिच हे तेव्हा पंतप्रधान होते. ऑगस्ट १८२७ ते जानेवारी १८२८ अशी जेमतेम पाच महिन्यांची त्यांची कारकीर्द. एवढ्या मोठ्या घरातला हा मुलगा शाळेतही गेला नाही आणि विद्यापीठातही गेला नाही. त्याचे सगळे शिक्षण घरीच झाले. ज्याच्या कारकिर्दीत भारतातील शिक्षणाची तपासणी करणारा हंटर आयोग नेमला गेला आणि जो अखेरीस लीड्स विद्यापीठाचा कुलपती झाला, त्याने स्वतः कधी परीक्षा दिली नव्हती, हे आमच्या परीक्षार्थी मुलांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

सरदार घराण्यातील तरुणांची वाट ठरलेली असे. रिपन मात्र विशी-पंचविशीत ख्रिस्ती समाजवादी म्हणवणाऱ्या मंडळींत वावरू लागले. १८५२ मध्ये यंत्रकामगार आणि कारखानदार यांच्यात मोठा तंटा होऊन टाळेबंदी झाली, तेव्हा या उमराव-पुत्राने कामगारांची बाजू घेतली. त्याच सुमारास लोकशाहीच्या समर्थनार्थ त्यांनी एक पुस्तिका लिहिली. ती इतकी जहाल ठरली की त्यांच्याच गटातील वडीलधारे धर्मोपदेशक फ्रेडरिक मॉरिस यांनी ती प्रसृत होऊ दिली नाही. राज्यकारभारात सामान्य माणसाचा वाटा असला पाहिजे हा विचार रिपन यांना भारतात आल्यावर सुचलेला नव्हता. तो ते तीस वर्षे मनात वागवीत होते.

याच वर्षी, १८५२ मध्ये, ते हल या बंदराच्या शहरातून पार्लमेंटवर निवडून आले आणि लगेच पायउतारही झाले. त्यांच्या बाजूच्या हस्तकांनी मतदारांना पैसे चारल्याची तक्रार झाली, ती ग्राह्य धरली गेली आणि निवडणूक रद्द झाली. पैसे वाटण्यात त्यांचा स्वतःचा हात नव्हता, तरी जागा गेली ती गेलीच. पुढे १८५३ मध्ये हडर्सफील्डमधून आणि १८५७ मध्ये यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमधून ते निवडून आले. हलच्या प्रकरणावर मी थोडा थांबतो, कारण ‘आपल्या लोकांना मताची किंमत कळत नाही, पाचशेच्या नोटेवर विकले जातात’ असे म्हणून निवडणुकांनाच नावे ठेवणाऱ्यांनी ते जरूर वाचावे. ज्या ब्रिटनला आपण लोकशाहीची जननी म्हणतो, तेथील एका मोठ्या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मते उघड-उघड विकली जात होती, आणि त्याचा फटका बसलेल्या माणसाने मतदानाचा हक्क आखडून घ्या असे म्हटले नाही. तीस वर्षांनी दुसऱ्या देशात अधिकार हाती आल्यावर त्याने तो हक्क वाढवण्याचाच प्रयत्न केला.

१८५९ मध्ये आधी वडील आणि मग काका वारले, दोन्ही घराण्यांच्या अर्ल या पदव्या त्यांच्याकडे आल्या आणि ते लॉर्डांच्या सभागृहात गेले. यानंतरच्या पदांची यादी लांबलचक आहे: १८६३ पासून युद्धमंत्री, १८६६ मध्ये काही महिने भारतमंत्री, १८६८ पासून पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात लॉर्ड प्रेसिडेंट. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणासाठी लोकांनी निवडलेली शाळा-मंडळे स्थापन करणारा १८७०चा कायदा झाला, तेव्हा शिक्षणाचे खाते त्यांच्याच अखत्यारीत होते. अमेरिकेशी चिघळलेला अलाबामा जहाजाचा तंटा लवादाकडे सोपवणारा वॉशिंग्टनचा करार १८७१ मध्ये झाला. त्या वाटाघाटींतील ब्रिटिश शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते आणि त्याबद्दल त्यांना मार्क्विस ही अर्लहून वरची पदवी देण्यात आली.

आणि मग १८७४ मध्ये त्यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही खळबळजनक गोष्ट होती. ते तेथील फ्रीमेसन संघटनेचे ग्रँडमास्टर होते. ते पद त्यांनी तत्काळ सोडले. राजकारणातून हा माणूस संपला, असे वृत्तपत्रांनी जवळजवळ जाहीरच केले. पुढची पाच-सहा वर्षे त्यांना कोणतेही पद नव्हते. १८८० मध्ये ग्लॅडस्टन पुन्हा सत्तेवर आले आणि त्यांनी रिपन यांना व्हाइसरॉय म्हणून भारतात पाठवले, तेव्हाही कॅथलिक माणसाला हे पद कसे देता, अशी ओरड झाली. स्वतःच्या देशात, स्वतःच्या वर्गात पंथाच्या कारणाने बाजूला पडण्याचा अनुभव पदरी असलेला माणूस जून १८८०मध्ये सिमल्याला येऊन दाखल झाला. या अनुभवाचा त्यांच्या पुढच्या वागण्याशी संबंध असावा, हे माझे अनुमान आहे.

आल्या-आल्या त्यांच्यापुढे आधीचे व्हाइसरॉय लिटन यांनी मागे ठेवलेले अफगाण युद्ध होते. जुलै १८८० मध्ये मैवंद येथे ब्रिटिश सैन्याचा दारुण पराभव झाला, त्यात मुंबई लष्कराच्या पलटणींची फार हानी झाली. पुढे कंदाहार सावरून रिपन यांनी सैन्य माघारी आणले. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य तेथील राजघराण्याला परत दिले गेले आणि त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला देशभर एकाच वेळी पहिली जनगणना झाली. दुष्काळात सरकारने मदत कशी करावी याचे नियम असलेली दुष्काळ संहिता १८८३ मधली. संवत १९५६ च्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, खानदेशात खडी फोडायला गेलेल्या हजारो कुटुंबांना जी मजुरी मिळाली, ती देण्याची पद्धत याच संहितेतून आलेली होती.

आपण वृत्तपत्राचे संपादक आहात, म्हणून देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या कायद्याविषयी स्वतंत्रपणे लिहितो. लिटन यांनी १८७८ मध्ये केलेल्या त्या कायद्याने मराठी, बंगाली, हिंदी, गुजराती पत्रांच्या मुद्रकांकडून जामीन घेण्याचा आणि छापखाना जप्त करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना मिळाला होता. त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नव्हती, आणि इंग्रजी पत्रांना तो कायदा लागूच नव्हता. म्हणजे एकच मजकूर इंग्रजीत छापला तर चालेल, मराठीत छापला तर छापखाना जाईल! कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ यातून सुटण्यासाठी रातोरात इंग्रजी झाली. ‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्ये निघाला तेव्हा हा कायदा डोक्यावर होता. रिपन यांच्या सरकारने तो १८८२ मध्ये रद्द केला. आपल्या भाषेतील वृत्तपत्राला इंग्रजी वृत्तपत्राच्या बरोबरीचा कायदा लागू झाला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात दुसऱ्या एका ओळीत असते. तिच्यातला अपमान आणि त्याचे निराकरण मुलांपर्यंत पोहोचत नाही.

आता त्या १८ मे १८८२ च्या ठरावाकडे वळतो. नगरपालिका त्याआधी नव्हत्या असे नाही. धुळे आणि जळगाव येथे १८६० च्या दशकातच नगरपालिका होत्या, परंतु त्या लोकांच्या नव्हत्या. कलेक्टर आणि त्यांनी नेमलेली मंडळी कारभार पाहत. ग्रामीण भागात तीच गत होती. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून जादा घेतला जाई. त्याचे दोन भाग रस्त्यांसाठी आणि एक भाग शाळांसाठी. तापीकाठच्या शेतकऱ्याने सारा भरताना हा आणा निमूटपणे भरावा, आणि त्यातून रस्ता कोणता करायचा, शाळा कोणत्या गावी काढायची, हे मात्र साहेबाने ठरवावे, अशी ही व्यवस्था होती.

रिपन यांच्या ठरावाने म्हटले की, ग्रामीण मंडळाचे क्षेत्र तालुक्याएवढे, म्हणजे सभासदांना गावोगावची माहिती आणि आस्था असेल इतके लहान असावे; सरकारी सभासद कोणत्याही मंडळात एक-तृतीयांशाहून अधिक नसावेत; जेथे शक्य असेल तेथे सभासद निवडणुकीने यावेत; अध्यक्ष शक्यतो बिनसरकारी असावा; आणि सरकारने आत बसून हुकूम सोडण्यापेक्षा बाहेर राहून देखरेख करावी. या तरतुदी महत्त्वाच्या आहेतच, पण मला त्यांच्यापेक्षा मोलाचे वाटते ते त्यांच्या मागचे कारण. मुख्यतः कारभार सुधारेल म्हणून मी हे सुचवीत आहे असे रिपन यांनी म्हटले नाही. ठरावात त्यांनी उलट कबूल केले की, सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी अपयश येईल. कारभार प्रथम कदाचित ढासळेलही. पण लोकांना राजकीय आणि सार्वजनिक शिक्षण मिळण्याचे हे साधन आहे आणि म्हणूनच ते इष्ट आहे, ही त्यांची भूमिका होती.

‘प्रशासक बरा’ म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे. कलेक्टर कार्यक्षम नाही असे रिपन म्हणत नव्हते. कलेक्टर कितीही कार्यक्षम असला तरी गावातल्या माणसांना त्याच्या कार्यक्षमतेतून काही शिकता येत नाही. घरपट्टी वाढवायची की दिवाबत्ती कमी करायची, पाण्याची टाकी कोणत्या पेठेत बांधायची, सफाई कामगारांचा पगार आधी की सणाची कमान आधी, असल्या प्रश्नांवर चारचौघांत वाद घालणे, बहुमत मिळवणे, हरणे, चुकीच्या निर्णयाचे परिणाम स्वतः भोगणे आणि पुढच्या वेळी माणूस बदलणे ही एक शाळा आहे, आणि ती बंद ठेवून कोणी शहाणे होत नाही. पोहायला शिकेपर्यंत पाण्यात उतरू नकोस, असे आपल्याकडे कोणी मुलाला सांगत नाही. पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत सोडतात. रिपन यांनी बांधलेला भोपळा म्हणजे ती बाहेरून राहणारी देखरेख.

ठरावाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, कारण तेथे आपल्या भागाचा संबंध येतो. प्रत्यक्ष कायदे प्रांतिक सरकारांनी करायचे होते, आणि मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारला ही योजना पसंत नव्हती. १८८४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी लोकल बोर्डांचा, म्हणजे ग्रामीण मंडळांचा, आणि नगरपालिकांचा असे दोन कायदे झाले खरे, परंतु जिल्हा लोकल बोर्डाच्या अध्यक्षस्थानी कलेक्टरच राहिले आणि पुढेही बरीच वर्षे राहिले. मतदानाचा हक्क मालमत्ता व कर यांच्या आधारे मूठभरांना मिळाला. स्त्रिया, मजूर, भिल्ल, पावरा, दलित यांचा त्यात विचारही नव्हता. तरीही लोकल बोर्ड हा शब्द खानदेशच्या बोलण्यात मुरला. माझी आजी जिल्हा परिषदेच्या शाळेला शेवटपर्यंत ‘बोर्डनी शाया’ म्हणत असे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा येऊन लोकल बोर्डे गेली, तरी तिच्या अहिराणीत बोर्ड राहिलेच. माझे वडील त्याच बोर्डाच्या शाळेत शिकले, आणि आमच्या घरात पहिले पुस्तक त्या शाळेमुळे आले.

या शाळांच्या बाबतीत महात्मा फुले यांचे स्मरण केल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये रिपन यांच्या सरकारने हंटर आयोग नेमला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फुले यांनी आयोगाला आपले निवेदन दिले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, म्हणून प्राथमिक शिक्षणाकडे आधी लक्ष द्या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आयोगाने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या व नगरपालिकांच्या हाती सोपवण्याची शिफारस केली. रिपन यांचा ठराव, फुले यांचे निवेदन आणि आजीची बोर्डनी शाया हे तिन्ही एकत्र शिकवले, तर १८८२ हे वर्ष मुलांना पाठ करावे लागणार नाही.

रिपन यांची थोरवी सांगताना त्यांच्या मर्यादा झाकण्याची गरज मला वाटत नाही. त्यांच्याच कारकिर्दीत १८८२ मध्ये परदेशी कापडावरील आयात जकात काढून टाकली गेली. त्याचा लाभ लँकेशायरच्या गिरण्यांना झाला आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या देशी गिरण्यांना कापड त्यांच्याशी उघड्यावर स्पर्धा करून विकावे लागले. त्याच अंदाजपत्रकात मिठावरील कर उतरवून मणाला दोन रुपये केला, हे गरिबांच्या दृष्टीने बरे झाले. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली आणि महिन्याला चार सुट्या दिल्या. परंतु मोठ्या बायका-पुरुषांच्या कामाच्या तासांवर त्याने कोणतेच बंधन घातले नाही, आणि शंभराहून कमी माणसांचे किंवा वर्षातले चारच महिने चालणारे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

या पळवाटेचा सर्वांत कठोर अनुभव आपल्या खानदेशाने घेतला. जिन (कापसातून सरकी काढणारे) आणि प्रेस (गाठी बांधणारे) हे कापसाच्या हंगामापुरते चालणारे कारखाने. मुंबई सरकारने १८८४-८५ मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिन-प्रेसच्या व्यवस्थापकाची साक्ष झाली, आणि तिच्यातून पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या मजुरांचे, त्यातही बायकांचे, जे चित्र पुढे आले ते वाचताना अंगावर काटा येतो. कामाची गर्दी असली की तीच माणसे दिवसरात्र सलग कामाला जुंपली जात होती. धरणगाव, चोपडा, जळगाव येथील जुन्या जिनांच्या भिंती अजून उभ्या दिसतात, त्यांच्या सावलीतून मी अनेकदा गेलो आहे. रिपन यांच्या कायद्याने या बायकांना काही दिले नाही. हेही शिकवले जावे, कारण आमच्या पणज्या त्यांत होत्या.

इल्बर्ट विधेयकाचा प्रसंग अधिक परिचित आहे. जिल्ह्यातील भारतीय न्यायाधीशांना युरोपीय आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार असावा, एवढाच त्याचा आशय. फेब्रुवारी १८८३ मध्ये ते मांडले जाताच कलकत्त्याच्या गोऱ्या मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आकांडतांडव केले. टाउन हॉलमधील सभेत भारतीयांविषयी अश्लाघ्य भाषा वापरली गेली, व्हाइसरॉयच्या समारंभांवर बहिष्कार घातला गेला, आणि त्यांना पकडून जहाजात घालून परत धाडण्याचा कट काहींनी रचल्याचेही सांगितले जाते. अखेर जानेवारी १८८४ मध्ये तडजोड झाली: युरोपीय आरोपीला ज्युरीची मागणी करता येईल आणि त्या ज्युरीत निम्मे सदस्य युरोपीय किंवा अमेरिकन असतील. ही माघार होती. रिपन यांनी ती पत्करायला नको होती, असे माझे मत आहे. न्यायाच्या प्रश्नावर ओरडणाऱ्यांपुढे नमते घेतले की ओरडणारे शिकतात. मात्र त्या गोंगाटातून आपल्या लोकांनीही एक गोष्ट उचलली, ती म्हणजे संघटितपणे मागणी केल्याशिवाय काही मिळत नाही. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) पहिले अधिवेशन भरले.

रिपन डिसेंबर १८८४ मध्ये परत निघाले, तेव्हा कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत लोकांनी त्यांना जो निरोप दिला तसा कोणत्याही व्हाइसरॉयला त्याआधी मिळाला नव्हता. सर्वसाधारणपणे आपली पुस्तके येथे त्यांना सोडून देतात. मला मात्र त्यांच्या पुढच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली १८९४ ची. रिपन तेव्हा ब्रिटनचे वसाहतमंत्री होते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने भारतीयांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आणले, आणि पंचविशीतही न पोहोचलेल्या एका बॅरिस्टरने पंधरवड्यात दहा हजार सह्या जमवून त्याविरुद्ध अर्ज पाठवला. तो बॅरिस्टर म्हणजे मोहनदास गांधी, आणि अर्ज लॉर्ड रिपन यांच्या नावे होता. शेवटी त्या विधेयकाला राणीची संमती मिळाली नाही. पुढे वेगळ्या शब्दांत तसाच कायदा झाला, ही गोष्ट निराळी. याच गांधीजींच्या उपस्थितीत १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. ज्या गावात ते भरले तेथील मुलांनाही हा धागा ठाऊक नसावा, याचे वाईट वाटते.

दुसरी गोष्ट लहान आहे. १८९५ मध्ये सरकार गेले आणि रिपन यांचे मंत्रिपद संपले. युद्धमंत्री, भारतमंत्री, व्हाइसरॉय, नौदलमंत्री, वसाहतमंत्री अशी पदे भोगून झालेला हा अडुसष्ट वर्षांचा मार्क्विस त्यानंतर यॉर्कशायरमधील आपल्या रिपन या छोट्या गावाचा महापौर झाला आणि वर्षभर त्याने ते काम केले. कोट्यवधी लोकांच्या देशावर राज्य केलेला माणूस गावच्या नगरपालिकेच्या खुर्चीत बसतो, कारण ती खुर्ची त्याला लहान वाटत नाही. आपल्याकडे नगरसेवकपद ही आमदारकीची पहिली पायरी समजली जाते आणि आमदार झालेला माणूस पुन्हा पालिकेकडे वळूनही पाहत नाही. ठरावात लिहिलेले रिपन यांना मनापासून वाटत होते याला मला याहून मोठा पुरावा लागत नाही. पुढे १९०५ ते १९०८ ते पुन्हा मंत्रिमंडळात होते आणि ९ जुलै १९०९ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, स्टडली रॉयल येथील आपल्या घरी वारले.

संपादक महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. १८८२ च्या ठरावातील निवडक परिच्छेद सोप्या मराठीत आपल्या दैनिकाने एका रविवारी छापावेत. आमच्याकडच्या बहुतेक नगरसेवकांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी आणि दुर्दैवाने बहुतेक इतिहास शिक्षकांनीही तो वाचलेला नाही. आणि खानदेशातील नगरपालिकांच्या सर्वसाधारण सभांना नववी-दहावीच्या मुलांना प्रेक्षक म्हणून बसता यावे, यासाठी आपण आपल्या लेखणीचे वजन खर्च करावे. मी नोकरीत असताना एकदा मुलांना अशा सभेला नेण्याची परवानगी मागितली होती. ‘तिथे भांडणे होतात, मुलांवर वाईट परिणाम होईल’ असे उत्तर मिळाले. भांडण कशावरून होते, कोण कोणाच्या बाजूने हात वर करतो, आणि शेवटी आपल्या वॉर्डातल्या रस्त्याचे काय होते, हे पाहण्यासाठीच तर मला मुलांना न्यायचे होते.

ठरावातील काही परिच्छेदांचा मराठी अनुवाद मी करून ठेवला आहे आणि उरलेल्यांचा चालू आहे. आपण कळवल्यास स्वच्छ अक्षरात लिहून पाठवीन. एक प्रत त्या अभ्यासिकेतल्या मुलीसाठी काढून ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव